रामकिसनची गाडी सुरू होईना

सन्माननीय अध्यक्ष श्री. सुजीत घरत, प्रमुख पाहुण्या पुष्पलताताई, व्यासपीठावर बसलेले दुचाकी कारागीर मंडळाचे सर्व पदाधिकारी, पालघरपासून घिवलीपर्यंतच्या आपापल्या गॅरेजांचं शटर अर्ध्या दिवसासाठी खाली ओढून इथे आलेले माझे कारागीर बंधू, बेटेगावच्या महिला मंडळातल्या माझ्या मैत्रिणी, माझी लेक किंजल, आणि तिकडे दाराशी उभे राहिलेले रामकिसनजी. रामकिसनजी, आत या. पुढे खुर्ची रिकामी आहे. तुम्ही समोर नसाल तर मला आज काही बोलता यायचं नाही.

आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मघापासून माझ्याविषयी बरंच चांगलं बोललं गेलं. ऐकताना मला सारखं वाटत होतं, या कोण बाई आहेत, एकदा भेटायला हवं. बाहेर फ्लेक्सवर तर मंडळाने लिहिलंय, ‘न थकणाऱ्या जयवंतीताई सावे यांचा निरोप समारंभ’. शेजारी माझा फोटो, नव्या साडीत, हातात पाना. अहो, तो पाना चाकाच्या नटाचा आहे आणि मी तो कार्बोरेटरला लावताना दिसतेय. फोटो काढणाऱ्या मुलाला म्हटलं होतं मी, पण त्याला उजेड तिथेच चांगला मिळत होता. असू दे.

पण ‘न थकणाऱ्या’ हे मात्र मला दुरुस्त करायला हवं. मी थकले आहे. खांदा वर जात नाही, बोटं सकाळी मिटत नाहीत, आणि हे सगळं वयाचंच आहे असंही नाही. म्हणून तर गॅरेज बंद करतेय. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यात आभार मानायचे आणि चार शब्द सांगायचे अशी पद्धत आहे. पण मला तुम्हाला एका गाडीची गोष्ट सांगायची आहे, तेव्हा वेळ थोडा वाढेल. चहावाल्याला कुणीतरी सांगा, चहा खाली उतरवून ठेव.

तात्यांना तुम्ही सगळे ओळखत होतात. आमचे यजमान. याच वर्षी, आंब्याच्या दिवसांत ते गेले. तेव्हा तुम्ही सगळे घरी येऊन गेलात, ते मी विसरलेले नाही. माहेरच्या आणि सासरच्या दोन्हीकडच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या वाडी केली. केळी, पानवेल, चिकू. तात्यांनी मात्र वाडी भावाकडे सोडली आणि बोईसरजवळ बेटेगावला रस्त्याकडेला गॅरेज टाकलं. गॅरेज पुढे, मागे आमच्या दोन खोल्या, मध्ये एक दार. त्या दारातून मी त्यांना आयुष्यभर चहा दिला. सकाळी मी बालवाडीत शिकवायला जायचे. संध्याकाळी गॅरेज झाडायचे, पसरलेले पाने खिळ्यांना अडकवून ठेवायचे. त्यामुळे हत्यारांची नावं मला ठाऊक होती. कोणत्या हत्याराचा स्वभाव काय ते ठाऊक नव्हतं.

तात्यांना विजेच्या कामाची फार आवड. इंजिन उघडायला ते कंटाळायचे, पण ‘स्विच चालू केला की कधी दिवा लागतो, कधी लागत नाय’ अशी गाडी कुणी आणली की त्यांचा चेहरा खुलायचा. म्हणायचे, ‘‘इंजिन बिघडलं तर आवाज करून सांगतं. वायर बिचारी काय नाय सांगत. तिला विचारावं लागतं.’’

रामकिसनजींची गाडी तशीच होती. हे तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते आणि आमच्याच मागच्या चाळीत राहायचे. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. चावी फिरवावी तर कधी न्यूट्रलचा हिरवा दिवा लागायचा, कधी नाही. लागला तर सेल्फ मारताच विझायचा. किक मारून मारून यांचा पाय सुजलेला. गावी काही कार्य होतं म्हणून गाडी तात्यांकडे ठेवून हे निघून गेले. जाताना म्हणाले, ‘‘तात्याजी, आराम से देखना. मैं लौटूँगा तब ले जाऊँगा.’’

तात्यांनी आरामातच घेतली. एका दुपारी त्यांनी त्या गाडीचा पुढचा दिवा उघडला. आतल्या वायरींचा गुंता बाहेर काढला. मी आत तांदूळ निवडत होते. काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. गॅरेजमध्ये काही ना काही पडतच असतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग वाटलं, पडलं ते पडलं, पण पाठोपाठ शिवी कशी नाही आली? आमच्या तात्यांच्या हातून काही निसटलं की शिवी ठरलेली. म्हणून उठून दारात आले. ते गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. माझ्याकडे बघत होते, काहीतरी सांगत होते, आणि तोंडातून शब्दच येत नव्हता.

सुजीतभाऊ, तुम्ही त्या दिवशी धावत आलात. तुमच्याच गाडीतून आपण त्यांना पालघरला नेलं, तिथून पुढे मोठ्या रुग्णालयात. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय गेला. आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. थोडं परत येईल, किती ते सांगता येत नाही.

एकच शब्द उरला होता. ‘नाय.’

चहा हवाय का? नाय. पाणी? नाय. कूस बदलू का? नाय. हवं असलं तरी नाय, नको असलं तरी नाय. रागाला तोच, हट्टाला तोच. ज्या माणसाने सबंध बोईसरला हसवलं, त्याच्याकडे दोन अक्षरं राहिली. सुरुवातीला मला काही उमगायचं नाही. मी पाण्याचा पेला पुढे करायची, ते डाव्या हाताने तो उडवून द्यायचे. मग मी सांडलेलं पाणी पुसायची. मी बालवाडी सोडली. त्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं, कपडे धुणं. किंजल तेव्हा कॉलेजात होती. ती दुपारी परतली की मी जराशी भिंतीला टेकायची. मैत्रिणींनो, तुमच्यातल्या ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय, त्यांना मी काय वेगळं सांगू? दिवस जातो आणि आपण काही केलं असं वाटतच नाही.

या बाजूला गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्या पडून होत्या. सुजीतभाऊंनी एकेक करून त्या आपल्या गॅरेजला नेल्या, नीट करून ज्याच्या त्याला पोचवल्या. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण हे गॅरेज आता भाड्यानं द्या. मी चांगला माणूस बघून देतो.’’ त्यांचं काही चुकलं नव्हतं. मीही हो म्हटलं. एकच गाडी उरली होती. वायरी बाहेर लोंबकळणारी, रामकिसनजींची. ते गावाहून आल्यावर घेऊन जातील आणि मग जागा रिकामी होईल, असं ठरलं.

तात्यांना मी हे सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर त्यांनी जेवण सोडल्यासारखंच केलं. हाताचे व्यायाम करून घ्यायला माणूस यायचा, त्याला ‘नाय’. किंजलने हातात चेंडू दिला दाबायला, तो खाटेखाली. डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, यांनी मनावर घेतलं नाही तर आमचा इलाज नाही. आता माणसाने मनावर घ्यावं म्हणून त्याच्या मनात शिरायचं कुठून, हे कुठलं औषध सांगतं?

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी रामकिसनजी आले. यांना काही ठाऊकच नव्हतं. दारात उभे राहून बराच वेळ तात्यांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, ‘‘चाची, गाड़ी ऐसे ही दे दो. मैं धकेल के ले जाऊँगा, कहीं और दिखा दूँगा.’’

मी म्हटलं, थांबा, निदान या वायरी आत घालून देते, रस्त्यात लोंबतील. आणि मी गाडीपुढे बसून त्या वायरी मुठीत धरून दिव्याच्या वाटीत कोंबायला लागले. जशी पिशवीत भाजी कोंबावी तशी.

आतून आवाज आला. ‘‘नाय! नाय, नाय, नाय!’’

मला वाटलं त्यांना लघवीला लागली. धावत गेले. तर खाटेवर डाव्या कोपरावर अर्धे उठलेले. इतक्या दिवसांत आपणहून पहिल्यांदा उठले होते. डावा हात दाराबाहेर, गाडीकडे.

‘‘अहो, काय होतंय तुमाला?’’

‘‘नाय.’’ पुन्हा हात गाडीकडे.

‘‘वायरी? वायरी आत नको घालू?’’

त्यांनी मान हलवली. हो म्हणून. शब्द मात्र ‘नाय’च.

रामकिसनजी माझ्या मागे उभे होते. सरळ खाटेपाशी गेले, तात्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचललं. ‘‘चाची, कुर्सी बाहर रखो.’’ मी हातांची खुर्ची गाडीजवळ ठेवली. दोघांनी मिळून त्यांना बसवलं, एका अंगाला घसरू नयेत म्हणून ओढणीने खुर्चीला बांधलं. किंजलची ओढणी होती ती. तात्या गाडीकडे बघत बसले. मी तात्यांकडे.

मंडळातल्या बांधवांना आता पुढचं सांगायची गरज नाही, पण माझ्या मैत्रिणींसाठी थोडं सोपं करून सांगते. गाडी सुरू व्हायची तर बॅटरीतून निघालेली वीज आधी फ्यूजमधून जाते, मग चावीच्या स्विचमधून, मग हँडलवरच्या बटणांमधून, आणि मग कामाला लागते. वाटेत कुठेही अडली की गाडी बंद. ती कुठे अडली हे शोधायला तात्यांकडे एक साधा बल्ब होता, त्याला दोन वायरी. एक वायर गाडीच्या लोखंडाला लावायची आणि दुसरीचं टोक वाटेतल्या एकेका ठिकाणी टेकवायचं. बल्ब लागला तर इथवर वीज आली. नाही लागला, तर ती अलीकडे कुठेतरी राहिली. एवढंच. पण हे आज मी सांगतेय. त्या दिवशी मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. तात्यांनी फळीवरच्या बल्बकडे बोट दाखवलं तेव्हा मला वाटलं, उजेड कमी पडतोय!

बॅटरी इतके दिवस पडून मेलेली. तात्यांनी कोपऱ्यातल्या स्वतःच्या गाडीकडे हात केला. मी विचारलं, ‘‘तुमच्या गाडीची बॅटरी काढून लावू?’’ मान हलली. रामकिसनजींनी ती काढली, यात बसवली. मग मी बल्ब घेऊन बसले. बॅटरीला टेकवलं, लागला. फ्यूजच्या अलीकडे लागला, पलीकडे लागला. प्रत्येक वेळी मी मागे वळून बघायची, तात्या डाव्या हाताने ‘पुढे’ करायचे. चुकीच्या ठिकाणी टेकवलं की ‘नाय’. आता तो ‘नाय’ खरोखरच ‘नाही’ होता, आणि काय सांगू, मला तो ऐकून इतकं बरं वाटलं! कितीतरी दिवसांनी त्यांच्या बोलण्याला अर्थ आला होता.

चावीच्या स्विचमध्ये वीज जात होती, पुढे दिव्याच्या वाटीतल्या टोकाशी कधी येत होती, कधी नाही. तात्यांनी फळीवरचा एक खोका दाखवला. उघडला, तर आत नवा कोरा स्विच. म्हणजे तात्यांनी आजारी पडण्याआधीच हा आणून ठेवला होता. रोग त्यांनी ओळखला होता, औषधही आणलं होतं, फक्त द्यायचं राहिलं होतं. असं मला वाटलं.

तो स्विच बदलताना माझी काय अवस्था झाली! स्क्रू अवघड जागी, हात आत जात नाही, नखं तुटली, कपाळाला ग्रीस. तात्या अधीर. मी स्क्रू उलटा फिरवला की ते डाव्या हाताने खुर्चीचा हात बडवायचे. एकदा मी पाना खाली आपटला आणि म्हटलं, ‘‘मंग तुमीच करा!’’ म्हटलं आणि जीभ चावली. रामकिसनजी दुसरीकडे बघायला लागले. मी पाना पुन्हा उचलला.

दुपार झाली. स्विच बसला. चावी फिरवली, हिरवा दिवा लागला. रामकिसनजींनी सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली!

मी टाळ्या वाजवल्या हो, लहान पोरीसारख्या. बालवाडीची सवय. तात्या हसत होते, निम्म्या तोंडाने, पण हसत होते. रामकिसनजींनी गाडी बाहेर काढायला हँडल उजवीकडे वळवलं.

गाडी बंद पडली.

दिवा गेला. पुन्हा चावी, पुन्हा सेल्फ. काही नाही. नव्या स्विचसकट ती गाडी जशी होती तशी झाली. रामकिसनजी म्हणाले, ‘‘रहने दो चाची, बहुत हो गया.’’ आणि तात्यांनी मान छातीवर टाकली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्यांना आजारी पडल्यापासून रडताना पाहिलं नव्हतं. ते रागवायचे, भिंतीकडे बघायचे, पण रडले नव्हते. त्यांना काय वाटत असेल ते मला न सांगता कळलं. शरीर गेलं, शब्द गेले, आणि आता वायरीनेही त्यांना खोटं पाडलं.

मी तिथेच जमिनीवर बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला गाडीचं काही पडलेलं नव्हतं. मला फक्त आडवं व्हायचं होतं. उठायला आधार म्हणून मी गाडीचं हँडल धरलं, आणि माझ्या भाराने ते डावीकडे वळलं.

हिरवा दिवा लागला.

मी हात तसाच ठेवला. हळूच उजवीकडे वळवलं. गेला. डावीकडे, आला. उजवीकडे, गेला.

‘‘अहो,’’ मी म्हटलं, ‘‘हँडल वळवलं का दिवा जातोय.’’

‘‘नाय.’’

‘‘नाय काय? बघा तर.’’

‘‘नाय!’’ त्यांनी स्विचकडे बोट केलं. त्यांचं मन अजून स्विचमध्येच होतं.

‘‘स्विच नवा हाय. तो वळत नाय. वायर वळते.’’

आणि मग आमचं चांगलंच भांडण झालं. मी बोलायची, ते ‘नाय’ म्हणायचे. माझा आवाज चढला, त्यांचा चढला. शेजारचे लोक रस्त्यावर येऊन उभे राहिले. किंजल आतून धावत आली. तिला वाटलं बाबांना पुन्हा काही झालं. आजारी माणसाशी असं भांडतात का? पण आजारपण आल्यापासून मी त्यांच्याशी फक्त गोड बोलत होते, जसं लहान मुलाशी बोलतात. भांडले नव्हते. त्या दिवशी भांडले. आणि भांडता भांडता ते थांबले. माझ्याकडे, मग हँडलकडे बघत राहिले. मग डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी कात्रीसारखी हलवली.

म्हणजे, वायरींवरची पट्टी काप.

हँडलच्या खाली, जिथे वायरींची जुडी वाकते, तिथली काळी पट्टी मी ब्लेडने उभी चिरली. आत सात-आठ वायरी, सगळ्या वरून धडधाकट. तात्यांनी चिमटीत हवेतच काहीतरी ओढून दाखवलं. मी एकेक वायर दोन्हीकडून धरून हलकेच ताणली. पहिली ताणली जाईना. दुसरी, तिसरीही नाही. मग एक मात्र रबरासारखी लांबली. वरचं आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. रोज हँडल वळून वळून तुटली असणार. कापली, तर आतून हिरवी पूड पडली. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने तांबं खाऊन टाकलं होतं. डावीकडे वळवलं की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, उजवीकडे वळवलं की सुटायची. स्विच बदलताना नेमकी ती टेकली होती, इतकंच. बिचाऱ्या जुन्या स्विचचा काहीच दोष नव्हता.

तार चांगली दिसेपर्यंत मागे कापली, मध्ये नवा तुकडा जोडायचा ठरला. पण मला तारा पिळता येईनात. एक टोक धरावं तर दुसरं सुटे. तेव्हा तात्यांनी डावा हात पुढे केला. मी त्यांच्या चिमटीत एक टोक दिलं. त्यांनी ते धरलं. सुटू दिलं नाही. मी दुसरं टोक त्यावर पिळलं. मग सोल्डरने डाग दिला, वेडावाकडा, आणि वर पट्टी गुंडाळली.

गाडी सुरू झाली. रामकिसनजींनी हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. सुरूच. ते गाडी घेऊन रेल्वे फाटकाच्या बाजूला जाऊन परत आले, आणि खाली उतरून तात्यांच्या पायाला हात लावला. मग माझ्या. मी म्हटलं, ‘‘माझ्या कशाला?’’ तर म्हणाले, ‘‘मिस्त्री तो आप हैं न, चाची.’’

त्या दुपारी तात्यांनी पोटभर भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी व्यायामाचा माणूस आला तेव्हा त्यांनी आपणहून हात पुढे केला. आणि सुजीतभाऊ भाड्यासाठी माणूस घेऊन आले तेव्हा मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. भाऊ, तुम्ही तेव्हा रागावला नाहीत, हा तुमचा मोठेपणा.

पुढची वर्षं तुमच्यासमोरच गेली. तात्या खुर्चीत, मी गाडीपाशी. मला येत होतं त्यापेक्षा अडत जास्त होतं. विजेची कामं आमच्याकडे, इंजिनाची सुजीतभाऊंकडे, अशी वाटणी झाली. लोक यायचे, गाडीचं दुखणं तात्यांना सांगायचे आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघायचे. तात्या डाव्या काठीवर चार पावलं चालायला लागले. शब्दही थोडे परत आले. ‘पाणी’ आलं. ‘किंजल’ आलं. ‘फ्यूज’ आला! माझं नाव मात्र आलं नाही. मला ते ‘ए’ म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे, असं होतं, त्याचा अर्थ लावू नका. मी लावला नाही. पण वाटायचं ते वाटायचंच.

लोक म्हणतात, तुम्ही केवढं केलंत. मी काय केलं? सकाळी त्यांना उठवायचं, खुर्चीत बसवायचं, मग लोकांच्या गाड्या. संध्याकाळी हात धुवायचे आणि स्वयंपाकाला लागायचं. यात आनंदाचे दिवस होते, नव्हते असं नाही. पण बहुतेक दिवस नुसते दिवस होते. त्या दिवसांचं कौतुक ऐकताना मला संकोच वाटतो.

आता शेवटचं, आणि मग चहा.

तात्या गेल्यावर दहाव्या-तेराव्याचं सगळं झालं. किंजल म्हणाली, आई, आता माझ्याकडे पालघरला चल. मी म्हटलं, नाही, मी गॅरेज उघडणार. आणि उघडलं. पहिल्याच सकाळी घिवलीचा धीरज आला, मासळीच्या खेपा करणारा. तो तिकडे बसलाय. त्याची गाडी अशीच, चावी फिरवली तरी मेल्यासारखी. ‘‘काकी, चार ठिकानी दाखवली. कोनाला सापडत नाय.’’

मी बल्ब घेतला. बॅटरीपासून सुरुवात केली. मला वाटलं होतं, बराच वेळ लागेल. पण हात आपला आपण जात होता. टाकीखाली, जिथे अर्थिंगची काळी वायर गाडीच्या सांगाड्याला नटाने आवळलेली असते, तिथे आत गंज धरला होता. वरून दिसत नव्हता. नट काढला, पॉलिश पेपरने घासलं, पुन्हा आवळलं. चावी फिरवली, सेल्फ मारला. सुरू!

मी वळून म्हटलं, ‘‘अहो, अर्थिंगच होतं.’’

मागे खुर्ची होती. नुसती.

धीरज बिचारा गोंधळला. म्हणाला, ‘‘काकी, कोनाला सांगताय?’’

मी म्हटलं, ‘‘कोणाला नाही रे. जा तू. मासळी नासेल.’’

तो गेला. मी हात धुतले आणि तिथेच उभी राहिले. सकाळ अजून पुरती उजाडायची होती. इतकी वर्षं मला एक भीती होती, की तात्यांच्या मागे मला एकटीला हे जमणार नाही. त्या दिवशी कळलं की जमतं. अगदी नीट जमतं. त्यांच्या वेळी लागायचा त्याहून कमी वेळात जमतं. आणि ते कळल्यावर माझ्या अंगातलं उरलंसुरलं बळ निघून गेलं. सापडलं, हे सांगायला कुणी नसेल, तर मी आता कशासाठी शोधू?

मी सुजीतभाऊंना फोन केला आणि सांगितलं, गॅरेज बंद करतेय. ते म्हणाले, ‘‘वहिनी, एकटीनं होत नसेल तर माणूस देतो.’’ मी फोन ठेवून दिला. भाऊ, उत्तर आज दिलं.

हत्यारं मंडळाला दिली आहेत. ती वापरा, कपाटात ठेवू नका. तात्यांची खुर्ची मात्र मी घरात आत घेतली आहे, तिच्यावर दुपारी बसून डुलकी घ्यायचा विचार आहे. किंजलकडे पालघरला जाईन अधूनमधून, पण घर बेटेगावचंच.

तुम्ही मंडळींनी आज मला नारळ दिलात, शाल दिलीत, माझ्या वाट्याला आलं त्यापेक्षा जास्त मान दिलात. पुष्पलताताई, तुम्ही बरं नसतानाही आलात. रामकिसनजी, तुम्ही त्या दिवशी न विचारता त्यांना उचललंत. त्याला आभार हा शब्द पुरत नाही, पण माझ्याकडे दुसरा नाही. सगळ्यांची मी ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला माझं बोलणं लांबलं म्हणून खोळंबावं लागलं असेल, घरातलं रडगाणं सभेत आणलं असं कुणाला वाटलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. बाईमाणूस म्हणून नको, तुमच्यातलीच एक कारागीर म्हणून घाला.

मी आता बसते.